अंतराळातील स्थलांतर : संमती कोणाची?

मानव एक ना एक दिवस पृथ्वी सोडून परग्रहावर वस्ती करील, ही कल्पना आता केवळ विज्ञानकथांपुरती उरलेली नाही. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोहोचले आणि जुलैमध्ये सुखरूप परतले. परंतु तो प्रवास होता, स्थलांतर नव्हे. प्रवाशाचे घर मागे त्याची वाट पाहत असते; स्थलांतरिताला संसारच नव्याने मांडावा लागतो. जोयडा तालुक्यात व्यवसाय करणारा डॉक्टर म्हणून मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

शरीराची साक्ष

अंतराळात भार पेलणाऱ्या हाडांची घनता दरमहा सुमारे १ ते १.५ टक्क्याने घटते. ही झीज आवरण्यासाठी अंतराळवीरांना रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. रशियाचे व्हॅलेरी पोल्याकोव्ह हे आपल्याच व्यवसायातील. १९९४-९५ मध्ये 'मीर' स्थानकात सलग ४३७ दिवस राहून त्यांनी स्वतःच्या देहावर हा अभ्यास केला आणि परतल्यावर यानातून उतरून चार पावले स्वतः चालून दाखविली. स्थानकातील एका अंतराळवीराच्या मानेतील शिरेत रक्ताची गुठळी आढळल्याचा वृत्तांत २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वीवरील तज्ज्ञांच्या सल्ल्याने त्या रुग्णावर तेथेच उपचार झाले होते. मंगळावर असा सल्लाही तत्परतेने मिळणार नाही, कारण संदेश एका बाजूने पोहोचावयास सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. आपण अत्यवस्थ रुग्णास बेळगाव किंवा हुबळीस पाठवितो. तशी वाट तेथे नसेल.

एक कल्पनाचित्र

समजा, इ. स. २१५० मध्ये एखादा इतिहासकार मंगळावरील वसाहतीचा इतिहास लिहावयास बसला आहे. त्याचे पहिले प्रकरण यानांचे व धाडसाचे असेल, दुसरे हवा, पाणी आणि अन्न यांचे. तिसरे प्रकरण मात्र आपल्या शास्त्राचे असेल : मंगळावर जन्मलेले पहिले मूल. मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के. त्यात गर्भ कसा वाढेल, मणका कसा घडेल, याचा अनुभव आज मानवजातीपाशी नाही. त्या मुलाची हाडे तेवढ्याच भारासाठी घडली, तर आजोळी येणे त्याला झेपेल काय? कदाचित आईचे माहेर त्याला आयुष्यभर पडद्यावरच पाहावे लागेल.

जोयड्याचा अनुभव

परतीची वाट नसलेले स्थलांतर आपल्या भागाला अपरिचित नाही. पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांपैकी अनेकांनी सह्याद्रीच्या जंगलाचा आसरा घेतला. त्यांचे वंशज असलेले सिद्दी बांधव आज हल्याळ, यल्लापूर, जोयडा या भागांत कोकणी, मराठी, कन्नड बोलतात. २०११ मधील जनुकीय अभ्यासात त्यांच्या आफ्रिकी वंशाबरोबरच स्थानिक मिश्रणही दिसून आले. भाषा बदलली, रक्त मिसळले; परंतु दमाम या वाद्याचा नाद त्यांनी जपला.

दुसरे उदाहरण घरचेच. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपा गाव होते. तालुकाही त्याच नावाने ओळखला जाई. गणेशगुडीजवळ काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण बांधले गेले, १९८७ मध्ये ते पूर्ण झाले आणि जुने सुपा पाण्याखाली गेले. विस्थापितांचे पुनर्वसन रामनगरला झाले. तेथील वीजगृहाची क्षमता १०० मेगावॅट आहे आणि विजेची गरज खरीच होती, हे नाकारता येत नाही. तरीही केसपेपरवर लिहिण्यासाठी वृद्ध रुग्णाला गाव विचारले, की आधी "मूळचे सुपा" असे उत्तर येते आणि रामनगरचे नाव मागाहून. त्यांची नातवंडे मात्र थेट रामनगरच सांगतात. स्थलांतर पुरे व्हावयास तीन पिढ्या लागतात, ते असे.

संमतिपत्र

गुलामांना कोणी विचारले नव्हते, आणि सुप्याच्या रहिवाशांच्या इच्छेवरही धरण अवलंबून नव्हते. मंगळावर जाणारी पहिली पिढी मात्र स्वेच्छेने, सर्व धोके समजून सही करील. पण तेथे जन्मणाऱ्या मुलाचे काय? शस्त्रक्रियेपूर्वी अज्ञान मुलाच्या वतीने पालक सही करतात, ती मुलाच्या हितासाठी. त्याचा पृथ्वीवर येण्याचा मार्ग कायमचा बंद करणारी सही त्याच्या हिताची कशी मानावी?

म्हणून माझे मत असे, की परग्रहावरील वस्तीत अपत्यजन्माची अनुमती वैद्यकाने सर्वांत शेवटी द्यावी. तेथे वाढलेला देह पृथ्वीचा भार पेलू शकतो, हे आधी प्राण्यांवरील दीर्घ अभ्यासांतून सिद्ध व्हावे. तोवर तेथे प्रौढांनी जावे, राहावे, संशोधन करावे आणि परत यावे. यामुळे वसाहतीचा इतिहास पन्नास वर्षे उशिरा सुरू झाला, तरी बिघडणार नाही. तेथे जन्मलेल्या मुलाला मोठेपणी आपले गाव स्वतः निवडता आले पाहिजे.