दर अर्ध्या तासाने घरघरणारी हार्ड डिस्क: चोर शोधायला गेलो आणि मीच सापडलो

परवाच्या व्हिडिओत मी सहज बोलून गेलो, की माझ्या घरच्या कॉम्प्युटरने मला एक महिना छळलं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, ‘दादा, आमचा पण असाच आवाज करतो, काय करायचं?’ व्हिडिओत सगळं दाखवायला वेळ पुरला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. निवांत वाचा, जमलं तर कॉम्प्युटरसमोर बसूनच वाचा.

आमचं हार्डवेअरचं दुकान. दुकानात बिलिंगचा वेगळा कॉम्प्युटर आहे, पण हिशोबाचं खरं काम घरी होतं. रात्री जेवण झालं, की हॉलमधल्या कॉम्प्युटरवर खरेदीची बिलं, उधारीची यादी, जीएसटीचं काम. बाबांच्या काळात रोजमेळ आणि खतावणी कपाटात असायची, किल्ली त्यांच्या कमरेला. आता तीच खतावणी एका डिस्कमध्ये आहे. म्हणजे त्या डब्यात नुसती मशीन नाही, आमच्या धंद्याचा जीव आहे.

तर झालं असं, की मी टायपिंग करत नसलो तरी दर थोड्या वेळाने डिस्क घरघरायला लागायची. पुढचा लाल दिवा सलग पेटलेला. चार-पाच मिनिटं कॉम्प्युटर जड, मग आपोआप शांत. पुन्हा थोड्या वेळाने तेच. जीएसटीआर-3बी भरायची 20 तारीख जवळ आलेली आणि इकडे बिल उघडायला मिनिट-मिनिट लागतंय! बायको म्हणाली, “अहो, तो परत ओरडायला लागला. जाईल एक दिवस सगळं घेऊन.”

ओळखीच्या रिपेअरवाल्याला फोन केला. त्याने न बघताच सांगितलं, “दादा, फॉरमॅट मारू. आठशे रुपये. नवाकोरा होईल.” मी हो म्हणणारच होतो. पण एक विचार आला. दुकानात गल्ल्यात रोज शंभर रुपये कमी भरायला लागले, तर आपण सगळे नोकर बदलतो का? नाही ना? आधी बघतो, की पैसे कधी कमी होतात, तेव्हा गल्ल्यावर कोण असतं. मग इथे बघायच्या आधीच फॉरमॅट का?

पहिलं काम: डेटा बाहेर काढा

आवाजाचं कारण माहीत नाही, म्हणजे डिस्क मरायला टेकलीय ही शक्यताही आहेच. म्हणून कुठलंही बटण दाबायच्या आधी हिशोबाचा डेटा, ग्राहकांची यादी आणि बिलांच्या पीडीएफ बाहेरच्या पेन ड्राइव्हवर घ्या. कॉपी झाली की पेन ड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. दुरुस्ती त्यानंतर.

दुसरं काम: वही घ्या

मी दोन संध्याकाळी साध्या वहीत लिहिलं. आवाज किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, तेव्हा काय-काय उघडं होतं, इंटरनेट चालू होतं की बंद. दुसऱ्या दिवशी पान बघितलं तर 9:00, 9:30, 10:00, 10:30. अगदी घड्याळ लावून! इंटरनेट बंद केलं तरी तेच.

हे पान फार कामाचं ठरलं. खराब होत चाललेली डिस्क घड्याळ बघून आवाज करत नाही. ठरलेल्या वेळी होतंय, म्हणजे कोणीतरी ते काम नेमून दिलंय. आणि इंटरनेट बंद असतानाही होतंय, म्हणजे अपडेट डाउनलोड होणं किंवा क्लाउडवर फाइल चढणं हे कारण नाही.

तिसरं काम: कामावर कोण आहे ते बघा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘डिस्क’ या रकान्यावर क्लिक केलं, की सगळ्यात जास्त डिस्क वापरणारा प्रोग्रॅम वर येतो. यापेक्षा जास्त माहिती हवी असेल तर स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधा आणि त्यातला ‘डिस्क’ टॅब उघडा. तिथे प्रोग्रॅमचं नाव तर दिसतंच, शिवाय तो नेमकी कोणती फाइल वाचतोय किंवा लिहितोय हेही दिसतं.

एक गंमत लक्षात ठेवा. विंडोजची बरीच देखभालीची कामं कॉम्प्युटर रिकामा असतानाच चालतात. तुम्ही माउस हलवला की ती थांबतात किंवा हळू होतात. मालक दुकानात शिरला, की गप्पा बंद होतात तसंच! म्हणून खिडकी आधीच उघडी ठेवा, हात लावू नका, नुसतं बघत बसा.

नेहमी दिसणारी मंडळी ही:

• विंडोज सर्च: फाइल पटकन सापडाव्यात म्हणून त्यांची यादी बनवतो. नवीन फाइल्स खूप आल्या की काम वाढतं, संपलं की शांत होतो.

• अँटिव्हायरस: तपासणी चालू असेल तर डिस्क वाचणारच. बंद करू नका. तपासणीची वेळ दुपारची किंवा रात्रीची लावा.

• सिसमेन: जुन्या विंडोजमध्ये याचं नाव सुपरफेच होतं. आपण नेहमी वापरतो ते प्रोग्रॅम आधीच मेमरीत आणून ठेवतो.

• विंडोज अपडेट: डाउनलोड झाल्यावर बसवतानाही डिस्क बराच वेळ चालते. पूर्ण होऊ द्या.

• पेजफाइल: रॅम कमी पडली, की विंडोज डिस्कचाच मेमरीसारखा वापर करतं. 4 जीबी रॅमवर ब्राउझरचे वीस टॅब उघडले, तर हे होणारच. इथे फॉरमॅटचा उपयोग नाही, रॅम वाढवा.

माझं काय निघालं?

साडेनऊला आवाज सुरू झाला आणि यादीत सगळ्यात वर नाव आलं अँटिव्हायरसचं. मला वाटलं, सापडला चोर! बंद करायला हात पुढे गेला होता. पण आधी फाइलचा रकाना बघितला. अँटिव्हायरस एकामागून एक माझ्याच मालाचे फोटो वाचत होता. आणि त्याच्याच खाली ‘एक्सकॉपी’ नावाचा प्रोग्रॅम तेच फोटो सी ड्राइव्हवरून वाचून डी ड्राइव्हवर लिहीत होता.

म्हणजे अँटिव्हायरस बिचारा राखणदार. कोणी फाइल उघडली की तो ती तपासणारच. गोणी उचलणारा दुसराच होता. यादीत जो वर दिसतो तोच गुन्हेगार असं नसतं. मी राखणदाराला काढून टाकलं असतं, तर आवाज चालूच राहिला असता आणि वर दार उघडं पडलं असतं.

आता एक्सकॉपीला हे काम दिलं कोणी? स्टार्टमध्ये ‘टास्क शेड्युलर’ उघडला. डावीकडच्या ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’त ठरलेल्या कामांची यादी असते. त्यात एक नाव होतं: ‘दुकान बॅकअप’. दर 30 मिनिटांनी. बनवणाऱ्याच्या जागी माझंच नाव!

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी एकदा फाइल उडाली होती, त्या घाबरटपणात मीच हे काम लावलं होतं. पूर्ण फोल्डर उचल, डी मध्ये टाक. ‘युजर लॉग इन असो वा नसो, चालव’ हा पर्याय निवडला होता, त्यामुळे काळी खिडकीही दिसत नव्हती. तेव्हा फोल्डर लहान होता, काही सेकंदांत काम व्हायचं. नंतर मालाचे फोटो टाकत गेलो आणि फोल्डर 8 जीबीचा झाला. माझी कमांड फक्त बदललेल्या फाइल्स घेत नव्हती, दर वेळी सगळं पहिल्यापासून कॉपी करत होती.

पण खरा धक्का पुढे होता

टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये डाव्या बाजूला डिस्कची यादी दिसते. माझ्याकडे एकच ओळ होती: डिस्क 0, आणि तिच्यासमोर सी आणि डी दोन्ही. कळलं का? सी आणि डी या वेगवेगळ्या डिस्क नाहीतच, एकाच डिस्कचे दोन कप्पे. मी दोन वर्षं मूळ खतावणी आणि तिची नक्कल एकाच कपाटात ठेवत होतो, आणि रात्री ‘आपला बॅकअप आहे’ म्हणून निवांत झोपत होतो. ती एक डिस्क गेली असती, तर दोन्ही एकाच क्षणी गेलं असतं. ग्राहकांची उधारी कोणाच्या तोंडावर मागितली असती?

म्हणून म्हणतो, त्या आवाजाचे माझ्यावर उपकार आहेत. आठशे रुपये देऊन फॉरमॅट केला असता, तर ठरवलेलं काम पुसलं गेलं असतं, आवाज बंद झाला असता आणि मी खूश झालो असतो. पण आपला बॅकअप खोटा होता, हे मला कळलंच नसतं.

आता मी काय करतो

जुनं काम टास्क शेड्युलरमधून बंद केलं. बाहेरची एक हार्ड डिस्क घेतली. रोज काम संपलं, की अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर बंद करायच्या आधी त्याच्याच बॅकअपच्या पर्यायातून एक प्रत काढतो. ही प्रत क्लाउडवर जाते. शनिवारी सगळं बाहेरच्या डिस्कवर घेतो, डिस्क काढतो आणि दुकानाच्या कपाटात ठेवतो. सतत जोडून ठेवत नाही, कारण व्हायरसने फाइल्सना कुलूप लावलं तर जोडलेली डिस्कही त्यात सापडते. थोडक्यात 3-2-1: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघतो. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे न मोजलेला गल्ला.

यादीत कोणीच नसेल आणि तरी आवाज येत असेल तर?

मग डिस्कची तब्येत बघा. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम डिस्कने स्वतः ठेवलेल्या नोंदी दाखवतो. ‘रिअलोकेटेड’, ‘पेंडिंग’ किंवा ‘अनकरेक्टेबल’ सेक्टरचा आकडा वाढत असेल, निळ्याऐवजी पिवळा किंवा लाल रंग दिसत असेल, किंवा डिस्कमधून कट-कट-कट असा ठोक्यासारखा आवाज येत असेल, तर दुरुस्तीचे प्रयोग करू नका. डीफ्रॅग नको, फॉरमॅटही नको. आधी डेटा काढा, मग डिस्क बदला. एसएसडी असेल तर आवाज येणारच नाही, फक्त दिवा दिसेल. म्हणून तिच्या नोंदी अधूनमधून मुद्दाम बघा.

मित्रांनो, त्रास पुन्हा-पुन्हा होत असेल तर तो गप्प करायची घाई करू नका. कधी होतो, कोण करतंय, कोणाच्या सांगण्यावरून, हे तीन प्रश्न आधी विचारा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

आज रात्री एवढं एकच काम करा. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन बघा, तुमचे सी आणि डी एकाच ओळीत आहेत का. असतील आणि बॅकअप डी मध्ये असेल, तर उद्या दुकान उघडायच्या आधी एक पेन ड्राइव्ह विकत घ्या. काय सापडलं ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या व्हिडिओत!