तीस वर्षांची मियाटा आणि एक मल्टिमीटर: जुनी स्पोर्ट्स कार घरच्या घरी कशी तपासायची

(पॉडकास्टच्या ताज्या एपिसोडचं हे लिखित रूप आहे. बोलताना येणारे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' वगैरे बरेचसे काढलेत. सगळे नाही निघाले.)

गेल्या दोन-तीन महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. प्रश्न विचारणारे बहुतेक जण अमेरिकेत मास्टर्स संपवून पहिल्या नोकरीला लागलेले. 'स्वस्तात जुनी स्पोर्ट्स कार मिळतेय, घेऊ का? आणि घेतली तर गॅरेजवाल्याच्या हातात न जाता सांभाळता येईल का?'

उत्तर आहे, येते. पण अट एकच: पार्ट विकत घ्यायच्या आधी मोजायचं. आजचा सगळा एपिसोड या एका वाक्यावर आहे.

हवेत बोलण्यापेक्षा एकच गाडी धरू या. माझदा एमएक्स-५, अमेरिकेत जिला मियाटा म्हणतात, आणि तिची पहिली पिढी. आपल्यापैकी कित्येकांना माझदा म्हटलं की शाळेची स्वराज माझदा बस आठवते. ही बाई तिची लांबची नातेवाईक समजा. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा दिसली. दोन सीट, कापडी छत, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन हजार किलोच्या आत. सुरुवातीला १.६ लिटरचं इंजिन, अमेरिकन मॉडेलमध्ये ११६ हॉर्सपॉवर. १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटर. टर्बो नाही, भारी इलेक्ट्रॉनिक्स नाही, बोनेट उघडलं की बहुतेक गोष्टींपर्यंत हात पोचतो. २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली, म्हणजे सुट्या भागांची ददात नाही. शिकायला यापेक्षा चांगली जुनी स्पोर्ट्स कार मला तरी माहीत नाही.

आता मुद्दा. तीस वर्षांची गाडी म्हटलं की लोकांना वाटतं इंजिन झिजलं असणार. इंजिन सहसा ठणठणीत असतं. म्हातारं होतं ते रबर, प्लास्टिक, वायरींचे जोड आणि ज्या पत्र्यात पाणी साचतं तो पत्रा. चाळीस हजार मैल चाललेली पण तीस वर्षं उभी असलेली गाडी रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा जास्त त्रास देऊ शकते, कारण रबराला ओडोमीटर वाचता येत नाही.

आणि पैसे कुठे जातात? अंदाजाने पार्ट बदलण्यात. गाडी झटके देतेय? प्लग बदला. नाही गेलं? कॉइल बदला. नाही? सेन्सर. तिकडे याला 'पार्ट्सची तोफ' म्हणतात, दिसेल त्या दिशेने पार्ट डागत राहायचं. ऑफिसात कोणी लॉग न वाचता प्रॉडक्शनवर एकामागून एक बदल टाकायला लागला तर आपण त्याला काय म्हणू? तेच इथे.

एक उदाहरण नीट सोडवू. गाडी सपाट रस्त्यावर बरी चालते, पण चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की हिसके देते. आपल्याकडचा मिस्त्री म्हणेल, 'साहेब, गाडी मिसिंग करतेय.' बरोबर आहे, चारपैकी एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा पेट्रोल नीट पोचत नाहीये.

या गाडीत चार सिलिंडरना मिळून दोन कॉइल आहेत. एक कॉइल १ आणि ४ ला ठिणगी देते, दुसरी २ आणि ३ ला. आता बघा, ही माहिती हातात असली की अर्धा शोध बसल्या जागी होतो. १ आणि ४ दोन्ही एकदम बंद असतील तर संशय कॉइलवर किंवा तिच्या वायरिंगवर. फक्त ३ बंद असेल तर कॉइल बहुधा निर्दोष. कारण तीच कॉइल २ ला व्यवस्थित चालवतेय. मग उरतात तिसऱ्याची प्लगवायर, प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन.

कुठला सिलिंडर बंद आहे हे कसं कळणार? इंजिन आयडलवर ठेवायचं आणि एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढून परत लावायचं. काढल्यावर इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर काम करत होता. काढूनही काहीच फरक पडला नाही तर चोर सापडला. हात जरा आत घालावा लागतो, बेल्ट आणि पंख्यापासून बाही लांब ठेवा. जुने लोक चालू इंजिनवर प्लगवायर ओढून हेच करतात, तसं करू नका. शॉक जोरदार बसतो.

मियाटाच्या बाबतीत मिसिंगचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे प्लगवायर. इन्सुलेशन जुनं झालं की ठिणगी प्लगपर्यंत न जाता मधूनच इंजिनच्या धातूत पळते, आणि लोड आला की जास्तच. रात्री पूर्ण अंधारात बोनेट उघडा, इंजिन चालू ठेवा, स्प्रेच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. खराब वायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. मग इंजिन बंद करून चारही वायरींचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर मोजा. लांब वायरीचा थोडा जास्त येणारच, पण एखादीचा आकडा बाकीच्यांच्या कितीतरी पट निघाला की निर्णय झाला. खर्च? वायरींच्या एका सेटचा.

दुसरं उदाहरण ऑइल गळतीचं, आणि यात खरा पैसा आहे. माझ्या एका मित्राच्या १९९२ च्या गाडीखाली इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे ऑइलचे थेंब पडायचे. एका गॅरेजने निदान केलं: क्रँकच्या मागचं ऑइल सील गेलंय. ते बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरीच मोठी. आम्ही आधी वरून टॉर्च मारून पाहिलं. या इंजिनच्या हेडच्या मागच्या बाजूला, फायरवॉलच्या अंगाला, कॅम अँगल सेन्सर असतो. त्याच्या आत एक रबरी ओ-रिंग असते. तीस वर्षांत ती प्लास्टिकसारखी कडक होते, मग ऑइल तिथून निघून इंजिनच्या पाठीवरून ओघळत थेट गिअरबॉक्सच्या जोडापाशी टपकतं. खाली झोपून पाहणाऱ्याला वाटतं सीलच गेलं.

तपासायची रीत सोपी. तो सगळा भाग डिग्रीजरने स्वच्छ पुसायचा, दोन-तीन दिवस गाडी चालवायची आणि वरून खाली बघत यायचं. सगळ्यात वरचा ओला भाग म्हणजे गळतीची जागा. व्हॉल्व्ह कव्हरच्या पॅकिंगचे मागचे कोपरेही त्याच वेळी बोटाने चाचपा, तेही गळतात. मित्राच्या गाडीत ओ-रिंगच निघाली. बारा नंबरच्या पान्याने एक बोल्ट. फक्त, सेन्सर सैल करण्याआधी त्याच्यावर आणि हेडवर मिळून मार्करने एक रेघ मारून घ्या, कारण तो सेन्सर जरा फिरला की इग्निशनचं टायमिंग बदलतं. नंतर टायमिंग लाइटने खात्री करायची: डायग्नोस्टिक बॉक्समध्ये 'टीईएन' आणि 'जीएनडी' वायरीने जोडून १० अंश. आणि हो, ही गळती फक्त जमिनीवर डाग पाडत नाही. खाली हीटरचे रबरी पाइप असतात, ऑइलमध्ये भिजून ते फुगतात, मऊ पडतात. एक दिवस पाइप फुटला की कूलंट गेलं.

तो डायग्नोस्टिक बॉक्स आत्ता आलाच आहे तर सांगतो. १९९६ च्या आधीच्या मॉडेलला आजचं ओबीडी-२ स्कॅनर लागत नाही. बोनेटखाली डाव्या बाजूला झाकण असलेला छोटा काळा डबा आहे. 'टीईएन' आणि 'जीएनडी' एका वायरीच्या तुकड्याने जोडा, इंजिन सुरू न करता चावी ऑन करा, डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा कोड मिचकावतो. लांब मिचकावणी म्हणजे दशक, आखूड म्हणजे एकक. ०९ आला तर कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरचा सिग्नल ठीक नाही. इथे नीट ऐका: कोड असं म्हणत नाही की सेन्सर खराब आहे. तो म्हणतो सिग्नल पटत नाही. वायर तुटली असेल, कनेक्टरला हिरवा गंज चढला असेल. आधी कनेक्टर काढून साफ करा, मग मोजा, मग वाटलं तर सेन्सर मागवा.

१९९३ पर्यंतच्या १.६ मध्ये आणखी एक गंमत आहे. इंजिनात किती हवा जातेय हे मोजायला एअर फ्लो मीटरमध्ये चक्क एक झडप असते, हवेने ढकलली जाणारी. झडपेनंतरच्या रबरी नळीला चीर पडली तर तिथून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. आयडल डचमळतो, गाडी सिग्नलला बंद पडते. आणि झडप हलली नाही तर पेट्रोल पंपही बंद होतो, म्हणजे नळी पूर्ण निसटली की इंजिन ठप्प. नळीच्या घड्या हाताने ताणून टॉर्चखाली बघा. ऑइल भरायचं झाकण सैल असलं तरी असंच होतं, त्यामुळे पहिली सुरुवात त्या झाकणापासून. फुकट आहे.

बाकीचं भरभर सांगतो. रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीचा रंग बघा. काळ्याची तपकिरी झाली की प्लास्टिक ठिसूळ झालंय, फुटायची वाट न बघता बदला. हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा कडक तापलं की वाकतं, आणि मग खर्चाला अंत नाही. क्लच पेडल खाली खाली जातंय, रिव्हर्स टाकताना कर्रकर्र होतंय, क्लच फ्लुइडची छोटी डबी रिकामी होतेय? गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडर आहे, त्याचं रबरी बूट जरा मागे सरकवा. आत ओलं असेल तर तो गेला. क्लच प्लेट बदलायला सांगणाऱ्याला हा ओला बूट दाखवा. सकाळी इंजिनातून टिकटिक येते ती बहुतेक हायड्रॉलिक लिफ्टरची. ऑइल वेळेवर बदला आणि झोप उडवून घेऊ नका. टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांवर बदलायचा असतो. तो तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, गाडी फक्त बंद पडते. पण हा नियम शेजाऱ्याच्या गाडीला लावू नका, कित्येक इंजिनांत तेवढ्यावर सगळा खेळ खलास होतो. बॅटरी डिकीत असते, त्यामुळे वायू बाहेर सोडणारी नळी लावता येईल अशी सीलबंद बॅटरीच घ्या. साधी टाकली तर ॲसिडच्या वाफेने पत्रा खातो.

पत्र्याचं मात्र थांबून सांगायला हवं, कारण बाकी सगळं बोल्ट काढून बदलता येतं, हे येत नाही. कापडी छतावरचं पाणी सीटच्या मागे दोन छिद्रांतून खाली जातं आणि मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. छिद्रं पानांनी, मातीने तुंबली की पाणी दरवाज्याखालच्या पोकळ पत्र्यात साचतं आणि तो आतून कुजतो. बाहेरून रंग चकचकीत, आत चाळण. आपल्या कोकणात खारी हवा आहे, तिकडे बर्फाच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठच टाकतात. गाडी बघायला जाल तेव्हा मागच्या चाकापुढचा तो भाग बोटांनी दाबा, मॅग्नेट लावा. मॅग्नेट चिकटला नाही तर तिथे पत्रा नाही, पुटी आहे. घरी आल्यावर दर पावसाळी हंगामाच्या आधी नायलॉनची जाड तार घालून छिद्रं मोकळी करायची. अणकुचीदार काही नको, आतली नळी फाटते.

खरेदीआधी अजून एक गोष्ट. १९९० आणि १९९१ च्या पूर्वार्धातल्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. तिथला बोल्ट सैल राहिला तर चावीची खाच झिजते आणि क्रँक निकामी होतो. पुढच्या पुलीवर चार खाचा म्हणजे जुना क्रँक, आठ म्हणजे नंतरचा. चार दिसल्या म्हणून पळून जायची गरज नाही, पण इंजिन चालू असताना पुली डगमगत असेल तर नमस्कार करून निघा.

आता जीवाचं. नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, 'दोनच मिनिटं' म्हणूनसुद्धा नाही. जॅकचं सील हेही एक रबरच आहे. जमीन सपाट आणि पक्की हवी, उन्हात तापलेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात. पुढून उचलताना मधल्या क्रॉसमेंबरखाली जॅक, मागून डिफरेन्शिअलखाली. मग दोन्ही बाजूंना जॅक स्टँड, जमिनीवरच्या चाकांना अडणी, आणि खाली जाण्याआधी गाडीला खांद्याने जोरात धक्का देऊन बघायचं. पडायचीच असेल तर आपण बाहेर असताना पडू दे. चाकांचे नट टॉर्क रेंचने ८८ ते ११८ न्यूटन मीटरच्या मध्ये कसा. पेट्रोलची नळी उघडायच्या आधी लाइनमधलं प्रेशर काढा. स्टिअरिंगमधल्या एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर लावायचा नाही, इतर सगळीकडे लावा.

आणि भाड्याच्या घरात राहत असाल तर लीज वाचा, बऱ्याच अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला बंदी असते. अशा वेळी ज्याच्याकडे स्वतःचं गॅराज आहे असा एखादा मराठी मंडळातला काका शोधा. पोहे मिळतील ते वेगळे.

पुढच्या एपिसोडमध्ये याच गाडीचे ब्रेक. प्रश्न पाठवताना गाडीचं साल, इंजिन आणि तुम्ही काय मोजलंत ते आकड्यांसकट लिहा; नुसतं 'आवाज येतोय' लिहिलंत तर मी उलट प्रश्नच विचारणार.