शंभर रुपयांच्या संशोधनाची खरी किंमत

पवनचक्कीचे नवे पाते किंवा जास्त टिकणारी बॅटरी तयार करायची, तर खर्च आज होतो आणि फायदा, झालाच तर, काही वर्षांनी दिसतो. हा खर्च सोसण्यासाठी भारतीय कंपन्यांना प्राप्तिकर कायद्याच्या कलम ३५(२एबी)चा मोठा आधार होता. केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेवर कंपनीने जेवढा खर्च केला, त्याहून जास्त रक्कम उत्पन्नातून वजा करता येई. जमीन आणि इमारतीचा खर्च मात्र त्यात धरला जात नसे.

२०१०-११ पासून ही वजावट दुप्पट होती. अधिभार व उपकर बाजूला ठेवून ३० टक्के दराने हिशेब केला, तर संशोधनावरच्या १०० रुपयांमागे २०० रुपये वजा होत, म्हणजे ६० रुपये कर वाचे आणि कंपनीच्या खिशातून खरे ४० रुपयेच जात. एप्रिल २०१७ पासून वजावट दीडपट झाली, तेव्हा हा आकडा ५५ वर गेला. एप्रिल २०२० पासून जेवढा खर्च तेवढीच वजावट उरली आणि खिशाला ७० रुपये पडू लागले. २०१९ मध्ये आलेला २२ टक्क्यांचा दर स्वीकारणाऱ्या कंपनीला तर ७८. तिचा एकूण कर घटला खरा, पण तो संशोधन न करणाऱ्या कंपनीचाही तितकाच घटला.

अर्थात दुप्पट वजावटीचा लाभही सगळ्यांना सारखा नव्हता. वजावट म्हणजे रोख अनुदान नव्हे. करपात्र नफाच नसेल तर वाचणार काय? पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपन्यांनी तोट्याची वर्षे पाहिली आहेत. शिवाय किमान पर्यायी कर, म्हणजे ‘मॅट’, हिशेबवहीतल्या नफ्यावर लागतो. जादा वजावटीने तो कमी होत नसे. ऑस्ट्रेलियात दोन कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढालीच्या कंपनीला तोटा असला तरी संशोधन सवलत रोखीने परत मिळते. भारतातल्या नवख्या बॅटरी कंपनीला नेमकी तीच गरज असते.

वीज विकणाऱ्या कंपन्यांचे गणित वेगळे. त्या पॅनेल विकत घेतात, संशोधन फारसे करत नाहीत. त्यांना जास्त झळ बसली ती घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी मिळणारी वजावट, कमी झाल्याची. एप्रिल २०१७ पासून सौर आणि पवन यंत्रसामग्रीवरचा पहिल्या वर्षीचा घसारा ८० वरून ४० टक्क्यांवर आला. पवनऊर्जेला असा धक्का नवा नव्हता: २०१२ मध्ये तिचा वेगवर्धित घसारा काढून घेतला गेला, २०१४ मध्ये परत दिला गेला. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारासारख्या ठिकाणी पवनचक्क्या उभारणाऱ्या गुंतवणूकदाराला तो मोठे आकर्षण होता.

भारतात विकसित व नोंद केलेल्या पेटंटच्या रॉयल्टीवर १० टक्के कराची सोय २०१६-१७ पासून आहे. पण टर्बाइन कंपनी पेटंट बहुधा स्वतःच्याच यंत्रात वापरते; रॉयल्टी येतच नाही, मग सवलत कशावर?

आता सरकारचा भर कर्जावर आहे. केंद्राने जुलै २०२५ मध्ये एक लाख कोटी रुपयांची संशोधन, विकास व नवोन्मेष योजना मंजूर केली. तीत ऊर्जा संक्रमणासारख्या क्षेत्रांना कमी किंवा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीचे कर्ज मिळू शकते. तंत्रज्ञान काही टप्पे पार करून आलेले असावे, ही अट आहे. अगदी सुरुवातीच्या प्रयोगांचा खर्च कंपनीलाच उचलावा लागतो.