शून्य गळाले, तर तिकीट कोणाचे?

होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान उडाले आणि सोलापूरकरांची अनेक वर्षांची प्रतीक्षा संपली. मधल्या काळात किंगफिशरची सेवा सुरू होऊन बंद पडली होती. विमानांच्या मार्गात अडथळा ठरलेल्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद न्यायालयापर्यंत गेला होता आणि १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडण्यात आली होती. फ्लाय ९१ च्या गोवा सेवेपाठोपाठ १५ ऑक्टोबर २०२५ ला स्टार एअरचे मुंबई विमान सुरू झाले. आता पुणे किंवा हैदराबाद गाठण्याआधी माणूस मोबाइलवर ‘सोलापूर’ टाइप करून पाहतो.

तिथेच एक नवी सवय लावून घ्यावी लागते. एसटीचे भाडे टप्प्यावर ठरते, रेल्वेचे अंतर आणि वर्गावर. विमानाचे भाडे सकाळी एक, दुपारी दुसरे आणि जेवून उठेपर्यंत तिसरेच. एवढ्या चढउतारात कधीतरी पडद्यावर असा आकडा येतो, की माणूस दोनदा डोळे चोळतो. तीस हजारांच्या जागी तीन हजार. तो पैसे भरतो, मेल येतो, पीएनआर मिळतो. दोन दिवसांनी दुसरा मेल येतो: भाडे चुकून लागले होते, तिकीट रद्द केले आहे, पैसे परत मिळतील. कधी तिकीट राहते, पण त्याचे नियम बदलतात. वरच्या वर्गाची जागा खालच्या वर्गात जाते किंवा फरकाची रक्कम मागितली जाते.

अशा भाड्याला जगभर ‘मिस्टेक फेअर’ म्हणतात. ते लागते कसे, हे समजले की पुढचा वाद समजायला सोपा जातो. आंतरराष्ट्रीय विमान कंपन्या आपली भाडी ॲटप्कोसारख्या मध्यवर्ती यंत्रणेकडे पाठवतात आणि तिथून ती एजंटांच्या संगणकांवर आणि तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांवर पसरतात. हा व्यवहार दिवसातून अनेकदा होतो. भरताना एखादे शून्य गळते, चलनाचा दर चुकतो किंवा मूळ भाड्यावर लागणारे इंधन शुल्क जोडायचे राहते. २००६ मध्ये अलितालियाने टोरोंटो ते सायप्रस बिझनेस क्लासचे भाडे ३,९०० डॉलरऐवजी ३९ डॉलर लावले. दोन शून्ये गळाली होती. कंपनीने ती तिकिटे पाळली.

भारताशी थेट जोडलेले प्रकरण २००९ च्या ऑक्टोबरमधले आहे. ब्रिटिश एअरवेजने अमेरिकेहून भारतात येण्याचे मूळ भाडे ४० डॉलर असे विक्रीला लावले. कर आणि शुल्क वेगळे, तरी भाव अविश्वसनीय होता. अमेरिकेतल्या भारतीय घरांत असा भाव दिसला की काय होते, हे ज्यांची मुले तिकडे आहेत त्या आईवडिलांना सांगायला नको. दिवाळीला, लग्नाला किंवा आजारी आजीला भेटायला यायचे म्हणून वर्षभर भाड्यावर डोळा ठेवून बसलेली ही माणसे असतात. कंपनीने ती तिकिटे रद्द केली आणि पुढच्या प्रवासासाठी ३०० डॉलरची सवलत देऊ केली. पण रजा मंजूर झालेली, भारतातली पुढची तिकिटे काढलेली, त्या खर्चाचे काय, हा प्रश्न अमेरिकेच्या वाहतूक खात्यापर्यंत गेला.

त्यानंतरच्या नियमावलीत त्या खात्याने एक ठाम वाक्य घातले: प्रवाशाने पूर्ण पैसे भरल्यावर भाडे वाढवता येणार नाही. २०१२ पासून ते लागू झाले आणि चुकीचे भाडेही त्यात धरले गेले. पण फेब्रुवारी २०१५ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या डेन्मार्कसाठीच्या संकेतस्थळावर चलनाचा दर चुकला आणि लंडन ते न्यूअर्क पहिल्या वर्गाचे तिकीट सुमारे ७५ डॉलरला मिळू लागले. डेन्मार्कशी काहीही संबंध नसलेल्या हजारो लोकांनी पत्त्यात तो देश निवडून तिकिटे घेतली. कंपनीने ती रद्द केली आणि खात्याने तिला दोष दिला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात खात्याने धोरण बदलले. भाडे खरोखर चुकले होते हे कंपनीने दाखवून द्यावे आणि त्या तिकिटाच्या भरवशावर प्रवाशाने केलेला खर्च भरून द्यावा, मग तिकीट रद्द केले तरी चालेल, असे ते धोरण आहे. हॉटेलची न परतणारी रक्कम आणि जोडविमानाचे तिकीट या खर्चात येते.

इतर कंपन्यांनी आपापला मार्ग काढला. २०१९ च्या नववर्षदिनी व्हिएतनामहून उत्तर अमेरिकेला जाणारी बिझनेस आणि पहिल्या वर्गाची तिकिटे कॅथे पॅसिफिककडून कवडीमोलाने विकली गेली. कंपनीने चूक कबूल केली आणि प्रवाशांना त्याच तिकिटावर नेले. ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटासने ऑस्ट्रेलिया ते अमेरिका पहिल्या वर्गाचे भाडे सुमारे ८५ टक्के कमी लावले. सुमारे ३०० जणांनी ते घेतले. त्यांना जादा पैसे न घेता बिझनेस क्लास किंवा पूर्ण परतावा यातले एक निवडायला सांगण्यात आले.

मग भारतात काय? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांत चुकीच्या भाड्यासाठी वेगळे कलम नाही. भाडे ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांकडे आहे. सरकार अपवादानेच हात घालते. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे कोलमडली तेव्हा ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये अशी कमाल मर्यादा घातली गेली, ती याच अपवादातली. त्यामुळे चुकीच्या भाड्याचा प्रश्न येऊन थांबतो दीडशे वर्षे जुन्या कायद्यावर.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचे कलम २० सांगते की महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत दोन्ही पक्षांची चूक झाली असेल तर करार रद्दबातल. कलम २२ सांगते की चूक एकाच पक्षाची असेल, तर केवळ तेवढ्या कारणाने करार मोडता येत नाही. शून्य गाळले कंपनीने. प्रवाशाने दाखवलेली किंमत भरली आणि तिकीट हाती घेतले. कलम २२ चा साधा अर्थ प्रवाशाच्या बाजूने लागतो.

कंपनीचे वकील म्हणतील, प्रवाशाला चूक दिसत होती, त्याने ती जाणूनबुजून लाटली. हा युक्तिवाद परदेशी न्यायालयांत टिकला आहे. सिंगापूरमध्ये ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर ६६ डॉलरला लागला, तेव्हा काही जणांनी मिळून सोळाशेच्या वर प्रिंटर मागवले. भाव चुकीचा आहे हे त्यांना ठाऊक होते, असे म्हणून न्यायालयाने करार मानला नाही. तिथे ते बरोबरच होते. विकायला म्हणून शेकड्याने माल उचलणारा माणूस आणि आईवडिलांसाठी दोन तिकिटे काढणारा माणूस यांना एका मापाने मोजता येत नाही.

आणि भारतीय प्रवाशाला ‘तुला कळायला हवे होते’ असे म्हणणे तर फारच अवघड आहे. कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने एक रुपयात विमान प्रवास विकला आणि त्यावरच नाव कमावले. एप्रिल २०१४ मध्ये स्पाइसजेटने एक रुपया मूळ भाड्याची विक्री जाहीर केली, ती डीजीसीएने थांबवायला लावली. ती चूक नव्हती, जाहिरात होती. वर्षातून चार वेळा ‘महासेल’ लावणाऱ्या बाजारात एखाद्या रात्री दिसलेला स्वस्त आकडा सेलचा की चुकीचा, हे सोलापुरात बसलेल्या माणसाने ओळखायचे कसे? ज्या धंद्याने लोकांना एक रुपयाच्या तिकिटाची सवय लावली, त्याने स्वस्त तिकीट घेतल्याबद्दल ग्राहकाच्या हेतूवर बोट ठेवू नये.

आता उलट बाजू पाहावी. प्रवाशाच्या हातून तारीख चुकली तर काय होते? तिकीट थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढले असेल आणि प्रवासाला किमान सात दिवस असतील, तर २०२५ पर्यंतच्या नियमाने २४ तासांच्या आत ते फुकट रद्द करता येत होते किंवा बदलता येत होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही मुदत ४८ तासांची करण्याचा मसुदा डीजीसीएने काढला. मुदत टळली की चुकीची किंमत प्रवासीच मोजतो. हाच काटा कंपनीलाही लावावा. चूक झाली असेल तर २४ तासांत कळवा, पूर्ण पैसे आणि झालेला खर्च द्या. त्यानंतर तिकीट पक्के. डीजीसीएने एवढे एक कलम लिहिले तरी बराच वाद मिटेल.

हा न्याय कायद्यात कुठेच नाही असेही नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये एक फार महत्त्वाची तरतूद आहे. ऑनलाइन विकणारी कंपनी स्वतः एकतर्फी सौदा रद्द करते तेव्हा तिला जेवढे शुल्क सोसावे लागत नाही, तेवढे तिने ग्राहकाकडून रद्द करण्यापोटी घेऊ नये. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना आली. वाजवी कारणाशिवाय करार एकतर्फी संपवण्याचा अधिकार एकाच बाजूला देणारे कलम त्यात बसते. ‘चुकीचे भाडे लागल्यास तिकीट रद्द करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो’ ही बारीक अक्षरांतली ओळ या कसोटीवर तपासून घेता येते. अन्याय्य करार म्हणून दाद मागायची तर राज्य आयोगाकडे जावे लागते, सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा आयोग आहे.

एका खाचखळग्याकडे मात्र लक्ष हवे. हातात पक्के तिकीट असून विमानतळावर वेळेत पोचलेल्या प्रवाशाला चढू दिले नाही, तर डीजीसीएच्या नियमाने भरपाई मिळते. पुढच्या एका तासात सुटणारे दुसरे विमान दिले तर काही नाही. २४ तासांच्या आतले दिले तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,००० रुपये. हे नियम कागदावरचे नाहीत. वैध तिकीट असलेल्या प्रवाशांना चढू न दिल्याबद्दल आणि भरपाई न दिल्याबद्दल जून २०२२ मध्ये एअर इंडियाला १० लाखांचा दंड झाला होता.

पण ही भरपाई भाड्याच्या पटीत आहे. समजा सोलापूर ते मुंबईचे मूळ भाडे ३,००० रुपये आहे आणि ते चुकून ३०० लागले. इंधन शुल्क बाजूला ठेवले, तर खऱ्या भाड्याची चौपट १२,००० होते आणि चुकलेल्या भाड्याची १,२००. उड्डाण रद्द झाल्यावरच्या भरपाईचेही असेच. एका तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यातले जे कमी असेल ते. म्हणजे कंपनीच्या चुकीमुळे तिने द्यायची भरपाईसुद्धा आपोआप घटते. मुंबईहून रात्री परदेशी विमान पकडायचे असेल आणि सोलापूरचे तिकीट ऐनवेळी रद्द झाले, तर गाडी करून जाण्याचा खर्च त्या १,२०० रुपयांत भागणार नाही. शिवाय तिकीट आठवडाभर आधीच रद्द झाले आणि प्रवासी विमानतळावर गेलाच नाही, तर चढू न दिल्याचा नियम लावणे कठीण जाते. अशा वेळी परतावा आणि नुकसानीचा दावा हाच रस्ता उरतो.

परताव्याचे नियम स्पष्ट आहेत. क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे सात दिवसांत परत यायला हवेत. तिकीट न परतणारे असले तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के परत मिळतात. परताव्याची प्रक्रिया करण्यासाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. रोख परतावा घ्यायचा की कंपनीच्या खात्यात पत म्हणून ठेवायचा, हे प्रवाशाने ठरवायचे. कोविडच्या टाळेबंदीत कंपन्यांनी पैसे अडवून पत देऊ केली, तेव्हा ‘प्रवासी लीगल सेल’ या संस्थेच्या याचिकेवर १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परताव्याची रीत आखून दिली होती.

म्हणून संशयास्पद स्वस्त तिकीट मिळाले तर आनंद जरा आवरावा. ई-तिकिटाचा मेल उघडून त्यात मूळ भाडे, इंधन शुल्क, विमानतळाचे शुल्क, जीएसटी अशा ओळी वेगवेगळ्या दिल्या आहेत का, ते पाहावे. भाड्याचे नियम दाखवणाऱ्या पानाची आणि पैसे भरल्याच्या पावतीची तारखेसह प्रत ठेवावी, कारण ते पान उद्या बदलू शकते. दोन आठवडे जाऊ द्यावेत, मगच हॉटेल आणि पुढची तिकिटे काढावीत. कंपनीला फोन करून ‘हे भाडे बरोबर आहे ना’ असे विचारत बसू नये. रद्द झाल्याचा मेल आला तर परतावा पूर्ण समझोता म्हणून स्वीकारल्याच्या बटणावर घाईने बोट ठेवू नये. लेखी उत्तर द्यावे: एकतर्फी रद्द करणे मान्य नाही, झालेला खर्च अमुक, पुरावे सोबत.

कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर एअरसेवा पोर्टल आहे, १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथेही काम झाले नाही, तर तक्रार दाखल करण्यासाठी कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही. ग्राहक राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात ती करता येते. म्हणजे सोलापूरच्या रहिवाशाला सोलापुरातच, तेही ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या. पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. मुदत आहे दोन वर्षांची.