समुद्रावर हरवलेलीं खेळणीं

लहान मुलांस न्हाऊं घालतांना बालडींत सोडतात तें प्लॅस्टिकचें पिंवळें बदक आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. अशा बदकांनींच महासागराच्या प्रवाहांविषयीं शास्त्रज्ञांस बरेंच कांहीं शिकविलें आहे.

१० जानेवारी १९९२ रोजीं हाँगकाँगहून अमेरिकेस निघालेल्या एका मालवाहू जहाजावरून कांहीं प्रचंड पेट्या वादळांत पॅसिफिक महासागरांत पडल्या. त्यांपैकीं एकींत २८,८०० खेळणीं होतीं; पिंवळीं बदकें, हिरवे बेडूक, निळीं कासवें, तांबडे बीव्हर. त्यांस कोठेंहि भोंक नसल्यामुळें तीं बुडालीं नाहींत. दहा महिन्यांनीं, सुमारें ३,२०० किलोमीटर दूर, अलास्कांतील सिटका गांवाजवळ पहिलीं खेळणीं किनाऱ्यास लागलीं. कर्टिस एबसमायर व जेम्स इंग्रॅम या समुद्रशास्त्रज्ञांनीं किनाऱ्यावर हिंडणाऱ्या लोकांकडून अशा वार्ता चिकाटीनें जमविल्या. प्रवाह अजमावण्यासाठीं शास्त्रज्ञ बाटल्या सोडीत, त्या एका वेळीं पांचशें-हजार. येथें दैवानेंच सुमारें २९ हजार सोडून दिल्या होत्या! उत्तर पॅसिफिकमधील वरच्या चक्राचा एक फेरा सुमारें तीन वर्षांत पुरा होतो, असें त्यांस त्यावरून दिसलें.

परंतु जो प्रवाह पसरवितो तोच गोळा कसा करतो? वारा पाण्यास ढकलतो. पण पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें उत्तर गोलार्धांत तें पाणी वाऱ्याच्या उजवीकडे वळतें. नान्सेन यांस उत्तर ध्रुवाकडील सफरींत (१८९३-९६) बर्फ असाच उजवीकडे वाहतांना दिसला, व १९०५ सालीं एकमान यांनीं त्याचें गणित मांडलें. आतां पॅसिफिकच्या दक्षिणेकडील भागांत वारे पूर्वेकडून वाहतात, उत्तरेकडील भागांत पश्चिमेकडून. म्हणजे दोहोंची उजवी बाजू मध्याकडेच येते. तेथें जमलेलें पाणी हळूहळू खालीं उतरतें. तरंगणारी वस्तु मात्र खालीं जाऊं शकत नाहीं; घुसळलेल्या ताकावर लोणी यावें तशी ती वरच राहते.

हवाई बेटें व कॅलिफोर्निया यांमधील अशा संचयास ‘कचऱ्याचें बेट’ म्हणण्याची रूढी पडली आहे, ती आम्हांस चुकीची वाटते. तेथें पाय टेकावयास जागा नाहीं. १९१८ नव्हे, अगदीं अलीकडे २०१८ सालीं केलेल्या अंदाजाप्रमाणें १६ लाख चौरस किलोमीटरांत निदान ७९,००० टन प्लॅस्टिक आहे. म्हणजे चौरस किलोमीटरास पुरते पन्नास किलोहि नाहीं. वजनानें जवळजवळ निम्मीं कोळ्यांचीं जाळीं, पण संख्येनें बहुतेक नखाएवढे तुकडे. बेट असतें तर उचलतां तरी आलें असतें.

आपल्या अरबी समुद्राची तऱ्हा निराळी. येथें मोसमी वाऱ्यांबरोबर प्रवाहाची दिशाच वर्षांतून दोनदां उलटते, त्यामुळें असें कायमचें चक्र बनत नाहीं. आपण ओढ्यानाल्यांत टाकलेलें बरेंचसें आषाढांतील भरती मुंबईच्या चौपाटीवर परत आणून ठेवते.