सहा मैलांचा चौकोन

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील राज्यांत ‘टाउनशिप’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो आणि हे दोन्ही अर्थ बहुधा एकाच जमिनीवर एकावर एक बसलेले असतात. मोजणीच्या भाषेत टाउनशिप म्हणजे सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा जमिनीचा चौकोन. कारभाराच्या भाषेत ती काउंटीखालची, म्हणजे साधारणपणे जिल्ह्याखालची, सर्वांत लहान स्थानिक संस्था. आयोवा राज्याच्या सीडर काउंटीतील स्प्रिंगडेल टाउनशिप हा या हजारो चौकोनांपैकी एक. स्प्रिंगडेल आणि वेस्ट ब्रँच ही तेथली दोन लहान गावे, बाकी सारी शेती. तरीही आखणीच्या वहीतला एक कोरा चौकोन माणसांनी कसा भरून काढला हे पाहायचे असेल, तर त्याइतके बोलके ठिकाण क्वचितच सापडेल.

चौकोनाची कल्पना या भूमीवर उपजली नाही. स्वातंत्र्ययुद्धानंतर कर्जात बुडालेल्या अमेरिकी सरकारपाशी विकण्याजोगी एकच गोष्ट विपुल होती, ती म्हणजे पश्चिमेकडची जमीन, आणि ती न पाहता कागदावरून विकता यावी म्हणून २० मे १७८५ रोजी काँग्रेसने जमिनीच्या मोजणीचा कायदा केला. त्यानुसार प्रत्येक टाउनशिपचे ३६ भाग पाडले जात. प्रत्येक भाग एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा असे आणि त्याला सेक्शन म्हणत. सोळावे सेक्शन शाळांच्या खर्चासाठी राखून ठेवले जाई. मोजणी होई ती सतराव्या शतकातील इंग्रज गणिती एडमंड गुंटर यांच्या ६६ फुटी, शंभर कड्यांच्या साखळीने. अशा ८० साखळ्यांचा मैल आणि १० चौरस साखळ्यांचा एकर होतो. मराठी वाचकाला हे माप परके नाही. मुंबई इलाख्याच्या मोजणीत रूढ झालेली साखळी या साखळीच्या नेमकी निम्मी, ३३ फुटांची होती, आणि तिचा चौरस म्हणजेच सातबाऱ्यावरचा गुंठा. म्हणून तर ४० गुंठ्यांचा एकर बरोबर जुळतो.

आयोवातील मोजणी १८३०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. तिचा आरंभबिंदू शेकडो मैल दक्षिणेला, आजच्या आर्कान्सा राज्यातील एका दलदलीत होता. तेथून एक रेखावृत्त उत्तरेकडे आणि त्याला काटकोनात एक आधाररेषा आखलेली होती. त्या आधाररेषेपासून उत्तरेला ७९ वी ओळ आणि रेखावृत्तापासून पश्चिमेला चौथी रांग जेथे एकमेकींना छेदतात, तो स्प्रिंगडेलचा चौकोन. कोपऱ्यांच्या खुणा राखण्यासाठी मोजणीदार जवळची झाडे हेरून त्यांवर खाचा पाडत आणि त्यांना साक्षीवृक्ष म्हणत. जेथे नजर पोहोचेपर्यंत गवतच होते तेथे खड्डा खणून, मातीचा ढिगारा रचून काम भागवावे लागे. पृथ्वी गोल असल्यामुळे रेखावृत्ते उत्तरेकडे एकमेकांजवळ येत जातात आणि खरा चौकोन जमिनीवर कधीच बसत नाही. मोजणीतली तूट टाउनशिपच्या उत्तर व पश्चिम कडेच्या सेक्शनांत ढकलली जाई आणि काही अंतराने दुरुस्तीची नवी रेषा आखली जाई. सेक्शनांच्या हद्दींवरून गेलेला मैलोन्‌मैल सरळ रस्ता अशा रेषेपाशी एकाएकी काटकोनात वळतो, थोडे पुढे जाऊन पुन्हा उत्तरेची वाट धरतो. पृथ्वीचा गोलावा पायांखाली इतका उघड दिसणारी ठिकाणे थोडीच असतील.

जमीन मात्र चौकोनी नाही. हिमयुगांनी मागे ठेवलेल्या दगडमातीच्या थरावर वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक पिवळसर मातीचे, लोएसचे, आवरण पसरले आणि त्यावर हजारो वर्षे पुरुषभर उंचीचे गवत वाढत आणि कुजत राहिले. त्या मुळांनीच येथली काळीभोर, जगातील सर्वांत कसदार मातींपैकी एक माती घडवली. वॅप्सिनोनॉक ओढ्याच्या शाखा या सौम्य चढउतारांतून वाहतात आणि वेस्ट ब्रँच गावाला नाव मिळाले ते त्याच्या पश्चिमेकडील शाखेवरून. आज या गवताळ प्रदेशाचा आयोवात शेकडा एक भागही उरलेला नाही. त्या जागी मका, सोयाबीन आणि डुकरांचे गोठे आहेत.

आणि ही भूमी निर्मनुष्यही नव्हती. येथे सॉक आणि मेस्क्वाकी लोकांचा वावर होता; १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धातील पराभवानंतर आणि पुन्हा १८३७ मध्ये झालेल्या करारांनी त्यांना पूर्व आयोवातील जमीन सोडावी लागली. सरकार ती वसाहतवाल्यांना एकरी सव्वा डॉलर दराने विकत होते. याच राज्यातील टामा काउंटीत, १८५७ साली, मेस्क्वाकींनी ८० एकर जमीन रोख १००० डॉलर मोजून परत विकत घेतली, म्हणजे एकरी साडेबारा डॉलर, सरकारी दराच्या दहापट. आपल्याच पूर्वजांच्या मुलखात पाय रोवण्यासाठी मोजलेल्या या किमतीची नोंद टाउनशिपांच्या कोणत्याही इतिहासात पहिल्या पानावर असायला हवी.

स्प्रिंगडेलच्या चौकोनात १८५०च्या सुमारास आले ते प्रामुख्याने क्वेकर. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयाला आलेला हा ख्रिस्ती पंथ मौन प्रार्थनेवर, साधेपणावर आणि अहिंसेवर श्रद्धा ठेवतो, आणि प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाश आहे असे मानत असल्यामुळे गुलामगिरी त्याला पाप वाटते. मिसूरीतून पळालेल्या गुलामांना येथील घरांतून आसरा मिळे आणि पुढची वाट दाखवली जाई. याच विश्वासावर १८५७-५८ च्या हिवाळ्यात गुलामगिरीचा कट्टर शत्रू जॉन ब्राउन याने आपली माणसे येथे आणली. स्प्रिंगडेल गावाच्या ईशान्येला विल्यम मॅक्सन नावाच्या शेतकऱ्याकडे ती राहिली. मॅक्सन स्वतः क्वेकर नव्हता. अंगणात लाकडी तलवारी घेऊन कवायत चाले, संध्याकाळी ही मंडळी प्रतिविधिमंडळ भरवून वादविवाद करत. शस्त्राला हात न लावणाऱ्या क्वेकरांपुढे यातून जो पेच उभा राहिला तो सोपा नव्हता: अन्याय असह्य आणि हिंसाही वर्ज्य. स्प्रिंगडेलच्या दोन भावांनी आपापल्या परीने त्याचे उत्तर दिले. एडविन आणि बार्क्ले कॉपक हे ऑक्टोबर १८५९ मध्ये व्हर्जिनियातील हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावरील ब्राउनच्या हल्ल्यात सामील झाले. एडविन पकडला गेला आणि १६ डिसेंबर रोजी, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी, फासावर गेला. बार्क्ले निसटून घरी परतला. व्हर्जिनियाने त्याची मागणी केली तेव्हा आयोवाचे गव्हर्नर सॅम्युअल कर्कवुड यांनी कागदपत्रांतील त्रुटींवर बोट ठेवून ती फेटाळली. यादवी युद्धात, १८६१ च्या सप्टेंबरमध्ये, मिसूरीत शत्रूने जाळून कमकुवत केलेल्या पुलावरून आगगाडी कोसळली, तीत तोही गेला.

पुढे रेल्वे वेस्ट ब्रँचवरून गेली आणि स्प्रिंगडेल बाजूला पडले. गावांचे भाग्य असे रुळांच्या ओळीने ठरले. वेस्ट ब्रँचमधील लोहार जेसी हूवर यांच्या १४ फूट रुंद आणि २० फूट लांब अशा दोन खोल्यांच्या घरात १० ऑगस्ट १८७४ रोजी हर्बर्ट हूवर जन्मले, जे पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या उपाशी जनतेला अन्न पुरवणाऱ्या मोहिमेमुळे नावारूपाला आले आणि १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष होते. ते घर आजही उभे आहे आणि त्यालगत ८१ एकरांवर जुने उंच गवत पुन्हा वाढवले गेले आहे.

अध्यक्षांच्या जन्मस्थळापेक्षा या मातीची ओळख अधिक पटवते ती जवळची स्कॅटरगुड शाळा. क्वेकरांनी १८९० मध्ये काढलेली ही निवासी शाळा महामंदीत बंद पडली होती. १९३९ ते १९४३ या काळात तिच्या रिकाम्या इमारतींत नाझी छळातून सुटून आलेल्या सुमारे १८५ निर्वासितांना निवारा मिळाला. व्हिएन्ना-बर्लिनची शहरी माणसे येथे इंग्रजी शिकली, भाजीपाला पिकवायला आणि मोटार चालवायला शिकली. पळालेल्या गुलामांना जेथे दार उघडे होते, तेथेच ऐंशी-नव्वद वर्षांनी ते पुन्हा उघडले.

आज आयोवातील टाउनशिपचा कारभार तीन निवडून आलेले विश्वस्त आणि एक चिटणीस पाहतात. आगीपासून संरक्षणाची सोय, जुन्या दफनभूमींची देखभाल आणि शेजाऱ्यांच्या कुंपणाचे तंटे, एवढीच कामे त्यांच्याकडे उरली आहेत. सामाईक कुंपण कोणी राखायचे याचा तेथला रिवाज असा, की दोन्ही शेतकऱ्यांनी आपापल्या बाजूने कुंपणाच्या मध्यावर येऊन समोरासमोर उभे राहायचे आणि ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा भाग येईल तो त्याने सांभाळायचा. एवढ्यावर मिटले नाही, तर विश्वस्त जातीने बांधावर येतात, तारा आणि खांब पाहतात आणि निवाडा देतात.