एका टोल्याचा होल

गोल्फचा खेळ हिंदुस्थानास नवा नाहीं. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुन्या गोल्फ क्लबांपैकीं एक कलकत्त्यास १८२९ मध्यें निघाला आणि त्यानंतर तेरा वर्षांनीं, १८४२ मध्यें, मुंबईस रॉयल बॉम्बे गोल्फ क्लबची स्थापना झाली. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचा आरंभ १९२७ चा. इतका काळ लोटूनही बाहेरून पाहणारास या खेळांत एक पांढरा चेंडू, एक काठी आणि अफाट हिरवें रान यांपलीकडे फारसें कांहीं दिसत नाहीं. वास्तविक गोल्फचें मैदान ही घरासारखीच विचारपूर्वक केलेली रचना असते; आणि त्या रचनेचें मर्म मैदानाच्या सर्वांत लहान भागांत, म्हणजे 'पार तीन'च्या होलांत, सर्वांत स्पष्टपणें उमगतें.

मोठ्या मैदानाचे अठरा भाग पाडलेले असतात. त्या प्रत्येकास 'होल' म्हणतात. होलच्या एका टोंकास 'टी' नांवाचा सपाट ओटा असतो. तेथून पहिला टोला मारावयाचा. दुसऱ्या टोंकास अगदीं बारीक कापलेली हिरवळ असते आणि तींत सव्वाचार इंच व्यासाचा खळगा असतो. चेंडू त्यांत पडला कीं तो होल संपला. कुशल खेळाडूस जितके टोले लागावेत असें गृहीत धरलेलें असतें, त्या संख्येस 'पार' असें नांव आहे. हिशेब सोपा आहे. हिरवळीवर चेंडू खळग्याकडे ढकलण्यासाठीं दोन टोले धरतात. उरलेले टोले हिरवळीपर्यंत पोहोंचण्यासाठीं. अर्थात् पार तीनच्या होलांत पोहोंचण्यासाठीं एकच टोला मिळतो. असा होल बहुधा शंभर ते अडीचशे यार्ड लांब असतो आणि अठरांपैकीं साधारणतः चार होल या जातीचे असतात.

लांब होलांत एक टोला फसला तर पुढच्या टोल्यानें कांहीं अंशीं तरी तो भरून काढतां येतो. कोणता खेळाडू दुसरा टोला कोठून मारील हें तेथें मैदान आंखणारासही निश्चित ठाऊक नसतें. पार तीनमध्यें तसें नाहीं. प्रत्येक खेळाडू ठरलेल्या ओट्यावरून, स्वतःच्या हातानें चेंडू मांडून, आरंभ करतो. अंतर ठरलेलें, दिशा ठरलेली. अनिश्चित असा एकटा वारा. परीक्षकानें एकच प्रश्न विचारावयाचा आणि विद्यार्थ्यानें एकाच वाक्यांत उत्तर द्यावयाचें, असा हा प्रकार आहे. म्हणून तो प्रश्न न्याय्य असावा, ही जबाबदारी सर्वस्वीं रचनाकारावर येते.

न्याय्य प्रश्न म्हणजे काय, हें स्कॉटलंडमधील नॉर्थ बेरिक येथील पंधराव्या होलावरून कळतें. त्याचें नांव 'रेडान'. रेडान म्हणजे किल्ल्याच्या तटापुढें काढलेला कोनाकृति बुरूज; क्रिमियाच्या युद्धांत सेवास्तोपोलच्या वेढ्यामुळें हा शब्द इंग्रजांच्या तोंडीं बसला. या होलाची हिरवळ खेळाडूसमोर सरळ नसून तिरपी पसरलेली आहे. ती उजवीकडून, पुढच्या बाजूनें सुरू होते आणि डावीकडे मागें उतरत जाते. डाव्या अंगास पुढें वाळूचा खोल खड्डा, म्हणजे बंकर आहे. निशाण डावीकडे असलें म्हणजे त्यावर सरळ रोंख धरणारास तो खड्डा ओलांडावाच लागतो. पण जो उजव्या अंगास चेंडू उतरवितो, त्याचा चेंडू उतारावरून घरंगळत आपोआप निशाणाकडे जातो. ज्याच्या अंगीं तितकेंही बळ नाहीं, त्यानें हिरवळीच्या अलीकडे उजवीकडे थांबावें आणि एक टोला जास्त मोजावा. सह्याद्रींतील किल्ल्यांचे गोमुखी दरवाजे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ही युक्ति परिचित वाटेल: समोरची वाट बुरुजांच्या माऱ्याखालीं, आणि आंत शिरण्याचा मार्ग वळणाचा. फरक इतकाच कीं, दुर्गरचनाकारास कोणीच आंत यावयास नको असतें, आणि मैदान आंखणारास प्रत्येकासाठीं एक वाट ठेवावी लागते.

दुसरें उदाहरण रॉयल ट्रून येथील आठव्या होलाचें. तो अवघा १२३ यार्डांचा आहे. परंतु त्याची हिरवळ इतकी चिंचोळी आणि भोंवतालचे बंकर इतके खोल, कीं त्याला 'टपालाचें तिकीट' हेंच नांव पडलें. १९५० च्या ओपन स्पर्धेंत हरमान टिसीस या जर्मन हौशी खेळाडूस येथें १५ टोले लागले. उलट १९७३ च्या ओपन स्पर्धेंत ७१ वर्षांच्या जीन साराझेन यांनीं येथेंच पहिल्या टोल्यांत चेंडू खळग्यांत घातला. दुसऱ्या दिवशीं त्यांचा चेंडू बंकरमध्यें पडला, तेव्हां तेथून दुसऱ्याच टोल्यांत त्यांनीं तो पुन्हां खळग्यांत पाडला. या होलास बळ लागत नाहीं, अचूकपणा लागतो. म्हणून सत्तरी उलटलेला वृद्धही तेथें तरुणांच्या बरोबरीनें उभा राहूं शकतो. यांतून प्रमाणाचा एक नियम निघतो: अंतर थोडें असेल तर हिरवळ लहान चालेल; अंतर वाढेल तसतशी हिरवळ ऐसपैस झाली पाहिजे.

अमेरिकेंतील ऑगस्टा नॅशनलचा बारावा होल १५५ यार्डांचा आहे. ॲलिस्टर मॅकेंझी आणि बॉबी जोन्स यांच्या या मैदानावर त्या होलाच्या पुढें एक ओढा वाहतो. हिरवळ अरुंद व तिरपी. आणि झाडींत वारा भोंवऱ्याप्रमाणें फिरतो. निशाण उजवीकडे असलें म्हणजे तेथपर्यंतचें अंतर वाढतें, पण डोळ्यास तें चटकन् जाणवत नाहीं. २०१६ च्या मास्टर्स स्पर्धेंत शेवटच्या दिवशीं आघाडीवर असलेल्या जॉर्डन स्पीथ यांनीं येथें दोन चेंडू पाण्यांत घातले, सात टोले खर्च केले आणि विजय गमावला. तरीही या होलास कोणी अन्यायी म्हणत नाहीं. कारण हिरवळीच्या मध्यावर चेंडू टाकण्याची सावध वाट तेथें सर्वांस मोकळी असते. लोभ धरावयाचा कीं नाहीं, एवढाच प्रश्न.

याच्या उलट फ्लोरिडांतील सॉग्रास येथील सतरावा होल. १९८० मध्यें खुल्या झालेल्या त्या मैदानावर पीट डाय यांनीं, पत्नी ॲलिस यांच्या सूचनेवरून, जवळजवळ चहूंकडे पाणी असलेली बेटासारखी हिरवळ केली. प्रेक्षकांस तो होल अतिशय प्रिय आहे. पण तेथें दुसरी वाट नाहीं. चेंडू बेटावर, नाहीं तर पाण्यांत. स्पर्धेंत अशी एखादी जागा शोभते. रोज खेळणाऱ्या नवशिक्यास मात्र तीच जागा खेळ सोडावयास लावते.

हीं तत्त्वें आपल्या भूमीवर कशीं लागू पडतील, हें पाहण्यासाठीं सातारा जिल्ह्यांतील उंब्रजचें उदाहरण कल्पनेनें घ्यावें. कऱ्हाडच्या उत्तरेस, पुणें-बंगळूर मार्गावर, पश्चिमेकडून आलेली तारळी येथें कृष्णेस मिळते. संगमाचें दृश्य पाहून एखादा हौशी रचनाकार हिरवळ पाण्याच्या कडेलाच मांडील. तें दोन कारणांनीं चूक ठरेल. एक तर पावसाळ्यांत नदी फुगते. दुसरें, कांठची काळी कसदार जमीन पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते आणि पाणी धरून ठेवते. हिरवळीस तर पाणी निथळून जाणारा थर लागतो. तो मिळविण्यासाठीं खालीं खडी व वर वाळूमिश्रित माती अशी भर घालावी लागते. शिवाय जेथें ऊस पिकतो ती जमीन खेळासाठीं अडविणें बरें दिसत नाहीं. त्यापेक्षां वरच्या अंगाचें मुरमाड माळरान बरें.

तेथें होल उत्तर-दक्षिण आंखावा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचें ऊन डोळ्यांवर येणार नाहीं. पावसाळ्यांतील पश्चिमेचा वारा मग आडवा येईल आणि खेळाडूस विचार करावयास लावील. जमिनीचा मूळ उतार राखून हिरवळ थोडी तिरपी मांडावी. बंकर एकाच अंगास खणावा, दुसरें अंग मोकळें सोडावें. मॅकेंझी हा मूळचा डॉक्टर. बोअर युद्धांत बोअर सैनिक नैसर्गिक आडोशांचा उपयोग कसा करितात, हें त्यानें पाहिलें होतें. मैदानावरील कृत्रिम भागही निसर्गाचेच वाटावेत, असा त्याचा आग्रह असे. ओटा एक न ठेवतां तीन ठेवावेत, नव्वद, एकशेंवीस आणि दीडशें यार्डांवर. म्हणजे मुलें, वृद्ध आणि तरणेबांड गडी एकाच होलावर आपापल्या बळानुसार खेळतील.

गवत परदेशांतून आणण्याचें कारण नाहीं. उष्ण प्रदेशांतील गोल्फच्या हिरवळी ज्या गवताच्या जातींच्या असतात, तें गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीस वाहिली जाणारी दूर्वा. विशेष निवडलेल्या जाती तीन-चार मिलिमीटर उंचीपर्यंत कापून राखतां येतात. आणि जेथें तेवढेंही पाणी नाहीं, तेथें तेल मिसळून दाबलेल्या वाळूच्या 'ब्राउन'वर खेळण्याची रीत हिंदुस्थानांत रूढ झालेली आहे.

शेवटीं हिशेबाची गोष्ट. अठरा होलांच्या मैदानास शंभराहून अधिक एकर लागतात. दीडशें यार्ड लांब व चाळीस यार्ड रुंद असा एक पार तीनचा होल सुमारें पन्नास गुंठ्यांत बसतो. चेंडू मधल्या जागेवरून हवेंतून जावयाचा, म्हणून ती जागा कापावी लागत नाहीं कीं भिजवावी लागत नाहीं. पाणी द्यावयाचें तें ओट्यांस व हिरवळीस. ज्या प्रदेशांत पाऊस चार महिने पडतो आणि उरलेले आठ महिने पाण्याचा थेंब न् थेंब शेतीशीं वांटून घ्यावयाचा असतो, तेथें या गुणाचें मोल खेळाच्या सौंदर्याइतकेंच मानलें पाहिजे. मैदान आंखणारानें प्रथम पाण्याचा व जमिनीचा हा हिशेब मांडावा, आणि मग बंकर कोठें खणावयाचा तें ठरवावें.